विश्लेषण : ड्रमर बाजूला, तरी गाणे तेच? रॉक अल्बमचे डान्स रिमिक्स कसे होते?

वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, जिममध्ये ‘डीजे मिक्स’ रोज कानावर पडते. ओळखीच्या गाण्याखाली जोरकस ठोका टाकला की झाले रिमिक्स, असा सर्वसाधारण समज आहे. पण एखाद्या रॉक बँडने आपला अख्खा अल्बम स्वतःहून इतर संगीतकारांच्या हाती सोपवला आणि त्याची मोडतोड करायची मुभा दिली, तर? ‘ब्लॉक पार्टी’ या लंडनच्या बँडने २००५ मध्ये नेमके हेच केले. त्यात मूळचे काय उरले, काय गेले आणि अशा गाण्यावर हक्क कुणाचा, याविषयी…

मूळ अल्बम कोणता?

‘सायलेंट अलार्म’ हा ब्लॉक पार्टीचा पहिला अल्बम. तो फेब्रुवारी २००५ मध्ये आला. गायक व गिटारवादक केली ओकेरेके, गिटारवर रसेल लिसॅक, बेसवर गॉर्डन मोक्स आणि ड्रमवर मॅट टाँग असे चौघे जण. ब्रिटनच्या विक्री यादीत अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत आला आणि ‘एनएमई’ या संगीत नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवले.

या अल्बमचे इंजिन म्हणजे टाँगचे ड्रमवादन. वेगवान, अस्वस्थ, सतत पुढे ढकलणारे. दोन गिटार एकमेकींना प्रश्नोत्तरे करत असतात आणि खाली ड्रम क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. डान्स रिमिक्स करताना मात्र सर्वात आधी बाजूला जातात ते ड्रमच. म्हणूनच या अल्बमचे रिमिक्स हा सोपा मामला नव्हता.

रिमिक्स अल्बममध्ये काय होते?

‘सायलेंट अलार्म रिमिक्स्ड’ त्याच वर्षी आला. एक-दोन गाजलेल्या गाण्यांच्या चार-चार आवृत्त्या भरून अल्बम उभा करायचा, हा नेहमीचा मार्ग बँडने टाळला. मूळ तेरा गाणी, मूळच्याच क्रमाने, आणि प्रत्येक गाणे वेगळ्या हाताकडे, अशी रचना ठेवली.

‘शीज हिअरिंग व्हॉइसेस’ लंडनचा डीजे एरोल अल्कानकडे गेले. दर सोमवारी रात्री भरणारा त्याचा ‘ट्रॅश’ हा क्लब रॉक ऐकणारे आणि इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचणारे अशा दोन्ही गटांना एका छताखाली आणण्यासाठी प्रसिद्ध होता. ‘द पायोनियर्स’ फ्रान्सच्या ‘एम८३’कडे, ‘प्लॅन्स’ स्कॉटलंडच्या ‘मोग्वाय’कडे, तर ‘सो हिअर वी आर’ ‘फोर टेट’ या नावाने संगीत करणाऱ्या कीरन हेब्डनकडे गेले. हेब्डनची आई भारतीय वंशाची. पुढे २०१५ मध्ये ‘मॉर्निंग/इव्हिनिंग’ या अल्बममध्ये त्याने चक्क लता मंगेशकर यांचा एका हिंदी चित्रपटगीतातला आवाज वापरला.

सगळ्यात गमतीची बाब ‘बँक्वेट’ची. त्याचे रिमिक्स ‘फोन्स’ या नावाने झाले. हा ‘फोन्स’ म्हणजे पॉल एपवर्थ, मूळ अल्बमचाच निर्माता! आधी एका हाताने रॉक गाणे बांधले आणि दुसऱ्या हाताने तेच डिस्कोसाठी उसवले. हाच एपवर्थ पुढे अॅडेलच्या ‘रोलिंग इन द डीप’चा सहगीतकार झाला आणि ‘स्कायफॉल’ या बाँडपटाच्या शीर्षकगीतासाठी त्याला अॅडेलसह ऑस्कर मिळाले.

अल्बममधली सगळीच रिमिक्स नाचायची नाहीत. मोग्वायसारख्यांना ठोक्यापेक्षा गाण्याच्या वातावरणात अधिक रस असतो.

ही रीत आली कुठून?

मुळे दोन. जमैकात किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी गाण्यातून आवाज काढून केवळ बेस आणि ड्रम घुमवत ठेवले. त्याला ‘डब’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात टॉम मोल्टनने डिस्को गाणी नाचणाऱ्यांसाठी लांबवली आणि त्यातून बारा इंची तबकडीचा जमाना सुरू झाला.

रॉकमध्ये याचे सर्वात मोठे उदाहरण ‘प्रायमल स्क्रीम’ या स्कॉटिश बँडचे. त्यांच्या १९८९ च्या एका संथ गाण्याचे रिमिक्स अँड्र्यू वेदरॉल या डीजेने केले. मूळ गाण्यातले फार थोडे ठेवून, १९६६ च्या एका हॉलीवूडपटातील संवाद जोडून त्याने ‘लोडेड’ तयार केले. १९९० मध्ये ते ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत पोहोचले. पुढच्याच वर्षी आलेला बँडचा ‘स्क्रीमाडेलिका’ हा अल्बम याच वाटेने गेला आणि १९९२ मध्ये पहिल्यावहिल्या मर्क्युरी पुरस्काराचा मानकरी ठरला. थोडक्यात, एका रिमिक्सने बँडलाच नवी दिशा दिली.

तांत्रिकदृष्ट्या रिमिक्स कसे होते?

स्टुडिओत गाणे अनेक ट्रॅकवर रेकॉर्ड होते. गायकाचा माइक वेगळा, बेस वेगळा, ड्रमला तर अनेक माइक. हे ट्रॅक गटागटाने वेगळे काढून दिले जातात, त्यांना ‘स्टेम्स’ म्हणतात. अधिकृत रिमिक्स करणाऱ्याला तयार गाणे नव्हे, तर हे सुटे भाग मिळतात. बिर्याणीतून मीठ काढता येत नाही. पण कच्चा शिधा हाती आला तर त्याच तांदळाची खीरही होते. तसेच हे.

पहिली अडचण वेगाची. ‘बँक्वेट’चा वेग मिनिटाला साधारण १५० ठोके आहे. क्लबमधले हाऊस संगीत बहुधा १२० ते १३० च्या घरात असते. टेपचा वेग कमी करावा तसे १५० चे १२५ केले, तर सूरही सुमारे तीन अर्धस्वर खाली येतो. हार्मोनियमच्या भाषेत, काळी चारमध्ये गाणारा पांढरी चारवर उतरतो आणि आवाज जड, झोपाळू लागतो. यावर उपाय म्हणजे ‘टाइम स्ट्रेचिंग’. संगणक आवाजाचे अतिसूक्ष्म तुकडे करून ते पुन्हा जोडतो. त्यामुळे वेग बदलतो, पण सूर जागेवर राहतो. २००१ मध्ये आलेल्या ‘एबलटन लाइव्ह’सारख्या सॉफ्टवेअरमुळे हे काम बरेच सोपे झाले. मात्र वेग फार बदलला की आवाजाला पत्र्यासारखी किनार येते.

दुसरी अडचण लयीची. हाडामांसाचा ड्रमर घड्याळ नसतो. उत्साहाच्या भरात तो थोडा पुढे जातो, कडव्याच्या शेवटी किंचित रेंगाळतो. ऐकणाऱ्याला हेच जिवंत वाटते. डीजेला मात्र एक गाणे संपताना दुसरे त्यावर अचूक बसवायचे असते, त्यामुळे ही सूक्ष्म डुलकीही चालत नाही. म्हणून ड्रम काढून प्रत्येक मात्रेवर एकसारखा ठोका टाकला जातो. तबल्यात सम आणि खालीचा जो भेद असतो, तो इथे मुद्दाम पुसलेला असतो. सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या ठोक्याची आवर्तने ठेवली जातात, म्हणजे डीजेला जोडकाम करता येते.

‘कांटा लगा’ हेही रिमिक्सच ना?

बोलीभाषेत हो, तांत्रिकदृष्ट्या नाही. १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातील लता मंगेशकर यांचे गाणे २००२ मध्ये नव्या अवतारात गाजले, तेव्हा ते नव्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घेतले होते. म्हणजे ते ठोके घातलेले ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ होते. मूळ ध्वनिमुद्रणाचे भाग वापरले तर ते रिमिक्स.

हा फरक शब्दांपुरता नाही, पैशांचा आहे. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात : एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. पुन्हा गाऊन घेतले की दुसऱ्या हक्काचा प्रश्नच उरत नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. कलम ३१-क नुसार, मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याशिवाय अशी कव्हर आवृत्ती काढता येत नाही, मानधन आगाऊ द्यावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्द वा चाल बदलायची तर हक्कधारकाची संमती लागते.

अधिकृत रिमिक्समध्ये पैसे कुणाला मिळतात?

सर्वसाधारण प्रथा अशी : रिमिक्स करणाऱ्याला ठरावीक एकरकमी मानधन मिळते. गाण्याचे शब्द-चालीचे हक्क मूळ बँडकडे आणि नव्या ध्वनिमुद्रणाची मालकी रेकॉर्ड कंपनीकडे राहते. त्यामुळे रिमिक्स मूळ गाण्याहून जास्त गाजले, तरी ते करणाऱ्याच्या खिशात वेगळे काही पडेलच असे नाही. दुसरीकडे, ज्याचे वादन काढून टाकले तो ड्रमर गाण्याचा सहलेखक नसेल, तर त्या आवृत्तीत ना त्याचा ठोका उरतो ना वाटा.

आता हे घरी करता येते का?

होय, आणि खरा पेच इथेच आहे. ‘डीझर’ या फ्रेंच कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. तयार गाणे दिले की ते आवाज, ड्रम, बेस आणि उरलेली वाद्ये असे वेगळे करते. म्हणजे बिर्याणीतून मीठ काढण्याचाच हा प्रयत्न. या लेखाच्या निमित्ताने साध्या लॅपटॉपवर एक रॉक गाणे असे सोलून पाहिले. बेस जवळपास स्वच्छ निघाला. गायकाच्या ‘स’ आणि ‘श’मागे मात्र झांजेची सळसळ चिकटून आली, कारण दोघांचीही वस्ती वरच्या कंपनसंख्यांमध्ये असते.

याच जातीच्या तंत्राने जॉन लेननचा आवाज जुन्या कॅसेटमधून सोडवून बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ २०२३ मध्ये पूर्ण झाले. पण तिथे हक्कधारकांची संमती होती. समाजमाध्यमांवर रोज फिरणाऱ्या वेग वाढवलेल्या वा मंदावलेल्या आवृत्त्यांपैकी अनेकांना ती नसते. तंत्र सारखेच, फरक विचारण्याचा.

मग मूळ गाण्याचे नुकसान होते का?

‘सायलेंट अलार्म’चा अनुभव तरी तसे सांगत नाही. मूळ अल्बम आजही मूळ रूपात ऐकला जातो. बँडने २००९ मध्ये आपल्या तिसऱ्या ‘इंटिमसी’ या अल्बमचेही रिमिक्स काढले. पुढे टाँग २०१३ मध्ये आणि मोक्स २०१५ मध्ये बँडमधून बाहेर पडले. २०१८ मध्ये बँडने ‘सायलेंट अलार्म’ संपूर्ण वाजवण्याचा दौरा केला, तेव्हा ड्रमवर लुईस बार्टल होती. म्हणजे त्या चौघांनी मिळून धरलेली लय आता ध्वनिमुद्रणातच ऐकता येते.

ऐकायचेच असेल तर ‘बँक्वेट’पासून सुरुवात करा. आधी मूळ, लगेच ‘फोन्स’ची आवृत्ती, आणि मग पुन्हा मूळ. रिमिक्समध्ये नाहीसा झालेला ड्रमर तिसऱ्या वेळी आधीपेक्षा जास्त ऐकू येतो.