6 फूट 6 इंचांचा सेंटर

11 जून 2015. एनबीएच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना, क्लीव्हलंडच्या मैदानावर. गोल्डन स्टेट वॉरियर्स मालिकेत 2-1 असे मागे होते. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सामन्याआधी पत्रकारांना सांगितलं की संघात बदल नाही. ही चक्क थाप होती, आणि सामना संपल्यावर त्यांनी ती कबूलही करून टाकली. 7 फुटी अँड्र्यू बोगट बाकावर बसला, त्याच्याऐवजी 6 फूट 6 इंचांचा आंद्रे इगुओडाला उतरला आणि सेंटरची, म्हणजे बास्केटखालच्या आडदांड राखणदाराची, जागा ड्रेमंड ग्रीनने घेतली. त्याचीही उंची जेमतेम तेवढीच. समोर 7 फूट 1 इंचाचा रशियन तिमोफे मोझगोव्ह. मोझगोव्हने त्या रात्री तब्बल 28 गुण केले, आणि त्याचा संघ 21 गुणांनी हरला.

कल्पना होती निक यूरेन नावाच्या तरुण सहायकाची. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेची चित्रफीत पाहताना त्याला दिसलं, की सॅन अँटोनिओने धिप्पाड टियागो स्प्लिटरला बसवून बोरिस डियावला सुरुवातीपासून खेळवलं होतं. त्याने ते करना सांगितलं, आणि मुख्य प्रशिक्षकाने ऐकलं. आपल्याकडच्या क्रीडा संघटनांमध्ये हे ऐकण्याचं काम किती होतं, याचा विचार वाचकांनीच करावा. पाचव्या सामन्यात क्लीव्हलंडने मोझगोव्हला अवघी 9 मिनिटं खेळवलं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं म्हणणं मान्य केलं. वॉरियर्सने 40 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. त्या मोसमातल्या साखळीत एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नसलेला इगुओडाला अंतिम मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

'स्मॉल बॉल' हा शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला. त्याचं कौतुक मात्र अर्धवट झालं. बुटका संघ म्हणजे वेगवान संघ, लांबून तीन गुणांचे फटके मारणारा संघ, एवढंच लोकांनी उचललं. खरी कमाल बचावाची होती.

ती कशी, ते एका चढाईपुरतं पाहू. स्टेफन करीसारखा खेळाडू चेंडू ड्रिबल करत वर उभा आहे. त्याच्या अंगावर एक चपळ बचावपटू. आता आक्रमकांचा उंच गडी येऊन त्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. बचावपटू त्या भिंतीत अडकला, की उंच गड्याच्या राखणदाराने काय करायचं? जुनी रीत अशी, की त्याने मागे सरकून बास्केट सांभाळायचं. पण एनबीएची तीन गुणांची रेषा बास्केटपासून 23 फूट 9 इंचांवर आहे. तो मागे सरकला, की करी त्याच रेषेबाहेरून शांतपणे फटका मारतो. पुढे आला, तर 7 फुटी देहाला करीबरोबर डावी-उजवीकडे नाचावं लागतं, आणि त्याच्या पायांत ते नसतं. तिसरा मार्ग अदलाबदलीचा, म्हणजे स्विचचा: दोघांनी आपापला गडी बदलून घ्यायचा. पण त्यासाठी दोघांनाही दोन्ही प्रकारचे गडी अडवता आले पाहिजेत. पाचांनाही पाचही जण अडवता आले, तर समोरच्याने कितीही भिंती उभ्या केल्या तरी हाती काहीच लागत नाही. ग्रीनची किंमत इथे होती. तो मोझगोव्हला ढुंगण टेकवून बास्केटपासून ढकलत असे आणि पुढच्याच क्षणी छोट्या गार्डसमोर गुडघे वाकवून, पावलं न ओलांडता, बाजूला सरकत असे.

याला नियमांनीही हातभार लावला. 2001-02च्या मोसमापासून एनबीएने गड्याऐवजी जागा राखण्याच्या, म्हणजे झोन बचावावरची बंधनं काढली. 2004-05पासून चेंडूवाल्याला हाताने दाबून धरण्यावर कडक नजर आली. एका बदलाने बचावाला डोकं लढवायला वाव मिळाला, दुसऱ्याने चपळ गड्यांना मोकळीक. दोन्ही बदल भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या सेंटरच्या मुळावर आले.

2015च्या वॉरियर्सच्या आधी स्मॉल बॉल कोणी खेळलं नव्हतं असं नाही. प्रशिक्षक डॉन नेल्सन हे तर जन्मभराचे बंडखोर. 2007मध्ये त्यांच्या आठव्या मानांकित वॉरियर्सने 67 सामने जिंकलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. माइक डी'अँटोनींच्या फिनिक्सने स्टीव्ह नॅशच्या जोरावर धावून धावून सामने जिंकले, पण अंतिम फेरी कधी गाठली नाही. मायामीने 2012मध्ये ख्रिस बॉशला सेंटर करून विजेतेपद नेलं. या सगळ्यांत मला मायामी जवळचं वाटतं, कारण तिथे लेब्रॉन जेम्स एकाच सामन्यात गार्डपासून सेंटरपर्यंत कुणालाही अडवायचा.

आता एक ओळखीचं आडनाव. विवेक रणदिवे मुंबईत वाढले, एमआयटीत शिकले आणि कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर कंपनी काढून श्रीमंत झाले. लेकीच्या बास्केटबॉल संघाचं प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलं तेव्हा ते क्रिकेट आणि फुटबॉल पाहत वाढलेले गृहस्थ होते, बास्केटबॉलचं ओझं डोक्यावर नव्हतं. त्यामुळे त्यांना भलतंच दिसलं. बास्केट केल्यावर सगळा संघ मुकाट्याने आपल्या टोकाला परत का जातो? 94 फुटांचं मैदान, आणि राखायचे फक्त शेवटचे 24 फूट? त्यांच्या बारा वर्षांच्या मुली ना उंच होत्या, ना सफाईदार फटके मारणाऱ्या. त्यांनी पूर्ण मैदानभर दाबाचा बचाव लावला. समोरच्या संघाला चेंडू आत फेकायला 5 सेकंद आणि मध्यरेषा ओलांडायला 10 सेकंद मिळतात. त्या सेकंदांतच मुलींनी झडप घालायची. संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. माल्कम ग्लॅडवेलने 2009मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये ही हकिकत लिहिली आणि ती व्यवस्थापनाच्या वर्गांतून घासून गुळगुळीत झाली.

ती सांगणारे एक गोष्ट गाळतात. बारा वर्षांच्या मुलींना लांब, अचूक पास देता येत नाही, म्हणून तो दाब चालला. व्यावसायिक खेळाडू दोन पासांत तो फोडतात. रणदिवे 2010मध्ये वॉरियर्सचे सहमालक झाले आणि 2013मध्ये त्यांनी सॅक्रॅमेंटो किंग्ज घेतलं. त्यांच्या किंग्जने एप्रिल 2015मध्ये सिम भुल्लर या भारतीय वंशाच्या पहिल्या खेळाडूला एनबीएत उतरवलं. त्याची उंची होती 7 फूट 5 इंच! माणूस दोन्ही टोकांना जाऊन आला म्हणायचा. ऑक्टोबर 2019मध्ये एनबीएचे पहिले सामने भारतात झाले, ते मुंबईत वरळीच्या डोममध्ये, आणि त्यातला एक संघ रणदिव्यांचाच होता.

स्मॉल बॉलचा अतिरेक पाहायचा तर ह्यूस्टन. 2018मध्ये त्यांनी प्रत्येक स्क्रीनवर अदलाबदल करत 65 सामने जिंकले आणि वॉरियर्सला 3-2 असं कोंडीत पकडलं. मग ख्रिस पॉल जायबंदी झाला आणि सातव्या सामन्यात संघाचे तीन गुणांचे लागोपाठ 27 फटके चुकले. फेब्रुवारी 2020मध्ये त्यांनी आपला उंच सेंटर क्लिंट कपेला सोडूनच दिला आणि 6 फूट 5 इंचांच्या पी. जे. टकरला ती जागा दिली. लेकर्सनी त्यांना 4-1 असं गुंडाळलं. गंमत अशी, की लेकर्सनीही आपले जुन्या वळणाचे सेंटर बाजूला ठेवून अँथनी डेव्हिसला मध्ये आणलं. डेव्हिस 6 फूट 10 इंच, पण पाय गार्डचे. बुटके हरले, अदलाबदल जिंकली.

पुढे उंच माणसं परत आलीच. 2021मध्ये यानिस विजेता, 2023मध्ये निकोला योकिच विजेता, आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला 7 फूट 4 इंचांचा वेंबान्यामा. म्हणून काही जाणकारांनी स्मॉल बॉलचं श्राद्ध घातलं. मला ते पटत नाही. आज ज्या उंच माणसाला मैदानावर ठेवतात, त्याला बारक्यांची कामं यावीच लागतात.

याचा पुरावा 18 मे 2025चा. ओक्लाहोमा सिटी विरुद्ध डेन्व्हर, सातवा सामना. 6 फूट 11 इंचांच्या योकिचवर कोण? 6 फूट 5 इंचांचा गार्ड ॲलेक्स करूझो! तो योकिचच्या पुढे उभा राहायचा, पास मिळूच द्यायचा नाही, आणि मागून मदतीला उंच साथीदार असायचा. ओक्लाहोमा 125-93 जिंकलं. तोच संघ अंतिम मालिकेत 7 फुटी हार्टनस्टाइनला बसवून बुटक्या पाचांनिशी उतरला, तीनांपैकी दोन सामने हरला, चौथ्यात हार्टनस्टाइनला परत आणलं आणि शेवटी विजेता झाला. एकच संघ, दोन्ही रूपं. बहुपयोगी बचाव म्हणजे हेच.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. 1 मार्च 2024ला हैदराबादेत पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचा अंतिम सामना 28-25 असा जिंकला, तो याच विचाराने. डावा कोपरा सांभाळणारा इराणी मोहम्मदरेझा शादलुई चढाईलाही जाई, आणि कर्णधार अस्लम इनामदार चढाईवीर असून पकडीतही उतरे. सिन्नरच्या कबड्डीवाल्या पोरांना 'स्विच' समजवायला मला म्हणूनच कधी फळा लागला नाही. एनबीएची फायनल आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होते. मुसळगावच्या वसाहतीतून रात्रपाळी करून आलेले दोघे-तिघे ती मोबाइलवर बघतात आणि 'कव्हर सुटला बघ' असं कबड्डीच्याच भाषेत बोलतात. फरक एवढाच, की कबड्डीत वजनाला मर्यादा आहे, बास्केटबॉलमध्ये उंचीला नाही.

आणि आपण अडकलो ते त्या उंचीत. वॉरियर्सने विजेतेपद मिळवलं त्याच जूनमध्ये डॅलसने पंजाबच्या 7 फूट 2 इंचांच्या सतनाम सिंगला 52व्या क्रमांकावर निवडलं. देशभर आनंद झाला, आणि तो रास्तही होता. पण सतनाम एनबीएचा एकही सामना खेळला नाही; पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात गेला. ज्या वर्षी लीगने सेंटरची व्याख्या बदलली, त्याच वर्षी आपण जुन्या व्याख्येचा माणूस पाठवला. खरं तर मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाटीवाटीच्या वस्तीने देशाला अब्बास मुंतसिरसारखे कर्णधार दिले. 1970चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो टेपवर मोजून नव्हे.

शालेय निवड चाचण्या पुन्हा येतील. पीटीचे सर मुलांना उंचीनुसार उभं करतील, मागच्या दोघांना बास्केटबॉलला आणि पुढच्यांना खो-खोला पाठवतील. सर, एक विनंती आहे. रांग लावण्याआधी प्रत्येक पोराला फ्री-थ्रोच्या रेषेवर गुडघे वाकवून उभं करा, समोर चेंडू घेऊन एक चपळ पोरगं सोडा, आणि सात सेकंद कोण त्याच्यासमोरून हटत नाही ते बघा. उंची त्यानंतर मोजा.