'वेळ' आणि 'टाइम' : लिंगभेद आणि अर्थभेद

'पेपरचा टाइम बदलला' हे वाक्य कोल्हापुरातील कोणत्याही महाविद्यालयात सहज कानी पडेल. मात्र पेपर सुरू होण्याची घटका बदलली की लिहिण्याचा अवधी बदलला, हे त्यातून कळत नाही. 'पेपरची वेळ बदलली' आणि 'पेपरचा वेळ बदलला' या वाक्यांत अशी संदिग्धता राहत नाही. हा भेद 'वेळ' या शब्दाच्या लिंगामुळे साधतो.

घटनेचा ठरावीक क्षण सांगताना 'वेळ' स्त्रीलिंगी असते : 'महालक्ष्मी एक्सप्रेसची वेळ झाली.' अवधी सांगताना तोच शब्द पुल्लिंगी होतो : 'मुंबईला पोहोचायला बराच वेळ लागला.' त्यांची सामान्यरूपेही निराळी आहेत. 'ती वेळेत पोहोचली' म्हणजे ठरलेली वेळ टळू न देता पोहोचली. 'ती थोड्या वेळात पोहोचली' म्हणजे अल्प अवधीत पोहोचली. आवृत्ती मोजताना मात्र स्त्रीलिंगी अनेकवचन येते : 'हा घटक तीन वेळा वाचला.'

इंग्रजी नामांना असे व्याकरणिक लिंग नसते. तेथे 'टाइम' हा एकच शब्द तिन्ही अर्थ वाहतो आणि भेद सोबतच्या शब्दांनी किंवा वचनाने दाखवला जातो. 'व्हॉट टाइम' म्हणजे कोणती वेळ, 'हाउ मच टाइम' म्हणजे किती वेळ आणि 'थ्री टाइम्स' म्हणजे तीन वेळा.

मराठीत 'टाइम' आला तो एकटा; त्याचे हे सोबती इंग्रजीतच राहिले. शिवाय येथे तो सर्रास पुल्लिंगी चालतो : 'गाडीचा टाइम', 'माझा टाइम गेला'. त्यामुळे दोन्ही भाषांची भेददर्शक साधने एकदमच सुटतात. उसना शब्द वापरणे हा दोष नव्हे. 'मिनिट', 'सेकंद' हे शब्द मराठीने केव्हाच आपलेसे केले आहेत. परंतु सूचना, अर्ज, वेळापत्रक अशा लेखनात अर्थाची निश्चिती हवी असते. तेथे 'वेळ' अधिक नेमकेपणाने काम करतो.

प्रश्नपत्रिकेवरील 'वेळ : 3 तास' आणि वेळापत्रकातील 'वेळ : सकाळी 11' यांत लिंग दिसत नाही. 'परीक्षेचा' की 'परीक्षेची' हे शब्द जोडून पाहा. भेद लगेच स्पष्ट होईल.

स्वयं-अध्ययन : 'वेळेत' किंवा 'वेळात' लिहा.
1. अर्ज ठरलेल्या ........ सादर करावा.
2. थोड्या ........ निकाल कळेल.

उत्तरे : 1. वेळेत 2. वेळात