वातरक्त : ठणका थांबल्यानंतर

मध्यरात्रीं पायाचा अंगठा लाल होऊन ठणकावा, पांघरुणाचा स्पर्शहि सोसवूं नये, आणि आठवड्याभरांत सारें शमावें, हें वातरक्ताचें म्हणजे गाउटचें लक्षण. रोग्यास वाटतें, पीडा टळली! श्रोतेहो, फसगत होते ती येथेंच. १८४८ सालीं लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनीं अशा रोग्यांच्या रक्तांत यूरिक आम्ल वाढलेलें असतें, असें दाखविलें. १०० मिलिलिटर रक्तद्रवांत तें सुमारें ७ मिलिग्रॅमहून अधिक झालें, कीं त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत सांचूं शकतात. ठणका थांबला तरी ते तेथेंच राहतात. पुढें सांधा पोखरतात. मूत्रपिंडांतहि खडे होतात. मद्य, मांस आवरावें हें खरें; पण नुसतें पथ्य बहुधा पुरत नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें नित्य औषध घेऊन प्रमाण ६ च्या खालीं राखल्यास स्फटिक हळूहळू विरघळतात. म्हणून दुखणें थांबलें, तरी रक्त तपासून घ्यावें.