पेनिसिलीन

इ. स. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतालचे जंतू नाश पावलेले आढळले. त्या बुरशीतील द्रव्य म्हणजेच पेनिसिलीन. परंतु ते औषध म्हणून हाती येण्यास एक तप लोटावे लागले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले पेनिसिलीन अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास टोचण्यात आले. जंतुदोषाने त्याचा एक डोळा आधीच गेला होता. चारपाच दिवसांत ताप उतरला, अन्न जाऊ लागले. पण मूत्रपिंडे हे औषध काही तासांतच शरीराबाहेर टाकतात! तेव्हा संशोधकांनी रोग्याच्या मूत्रातून ते पुन्हा वेगळे काढले व त्यालाच टोचले. अखेर तोही साठा संपला, रोग उलटला आणि १५ मार्च रोजी बिचारा दगावला. औषध अपुरे पडले, एवढेच.

पेनिसिलीनमुळे जंतूंना आपली पेशीभित्ती नीट बांधता येत नाही. वाढणारा जंतू अखेर फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तीच नसते, म्हणून त्या सुरक्षित राहतात. मात्र काहींना या औषधाचे वावडे असते व ते प्रसंगी जिवावर बेतते. म्हणूनच डॉक्टर ते देण्यापूर्वी रोग्यापाशी तशी चौकशी करतात.