वाघ चौकटीबाहेर

मार्च लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं टपटपू लागतात आणि बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात मोह वेचताना वाघाने हल्ला केल्याच्या बातम्याही याच दिवसांतल्या. इथल्या एखाद्या तरुणाला यावर मोबाइलवर लघुपट करायचा झाला, तर पहिला प्रश्न हाच की वाघ आणायचा कुठून? त्याचं उत्तर कागद-पेन्सिलीने, स्टोरीबोर्ड काढून मिळतं.

स्टोरीबोर्ड म्हणजे सिनेमातला एकेक शॉट चौकटीत काढून क्रमाने मांडलेला कच्चा आराखडा. माणूस चौकटीत कुठे आहे, केवढा दिसतो, कुठल्या बाजूला चालला आहे, कॅमेरा हलतो की स्थिर आहे, एवढं त्यात कळलं पाहिजे. हालचालीला बाण, आवाजासाठी खाली एक ओळ. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही, काडीची माणसं चालतात.

आता आपला प्रसंग काढून पाहू. पहिल्या चौकटीत मोठं मोहाचं झाड, खाली वाकलेली इवलीशी बाई. दुसरीत फक्त तिची बोटं आणि पिवळसर फुलं. तिसरीत टोपली अर्धी भरलेली. खाली लिहायचं, ‘दूर वानराचा कॉल’, म्हणजे वाघ असल्याचा इशारा. चौथीत बोटं थांबलेली. पाचवीत तिचा चेहरा, नजर चौकटीच्या उजवीकडे. सहावीत ती पाहते आहे ते झुडूप, आणि त्यात काहीही नाही. सातवीत पुन्हा पहिल्यासारखंच झाड, पण कॅमेरा आता झुडपामागून पाहतो आहे, पुढे अस्पष्ट पानं. वाघ एकाही चौकटीत नाही आणि तरी तो आहे. सातवी चौकट सुचली की लघुपट उभा राहिला असं मी म्हणेन, आणि ती सुचते कागदावरच. शूटिंगच्या गडबडीत असं काही सुचायला उसंत नसते.

दिशेचं गणितही इथेच सुटतं. गाव डावीकडे आणि जंगल उजवीकडे असं एकदा ठरलं, की जाताना बाई डावीकडून उजवीकडे चालेल आणि पळताना उलट. मधेच कॅमेरा पलीकडच्या बाजूला नेला, तर ती वाघाच्याच दिशेने पळताना दिसेल. चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या की ही चूक लगेच डोळ्यांत भरते.

कलाकारांची इथे वाण नाही. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्या हंगामभर गावोगाव रात्र-रात्र प्रयोग करतात. याच झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्या नटांचा आवाज आणि हातवारे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचण्यासाठी घडलेले असतात. कॅमेरा हातभर अंतरावर आला की तेच जास्त वाटतं. नटाला आधी चौकट दाखवावी. पडदाभर आपला चेहराच आहे हे कळलं, की कसलेला नट आपोआप आवरतं घेतो.

कागदावर सिनेमा पाहणं मराठी माणसाला नवं नाही. ‘सैरंध्री’ (१९२०) करणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार; पात्रांचे पोशाख, हालचाली ते आधी रेखाटून घेत. चौकटी भिंतीवर ओळीने टाचायची पद्धत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत रुळली. सत्यजित राय यांच्याकडेही ‘पथेर पांचाली’साठी (१९५५) चित्रांची वही होती, निर्मात्यांना ते तीच दाखवत.

शूटिंग मात्र चौकटींच्या क्रमाने करायचं नाही. ताडोबा व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या गाडीतून खाली उतरता येत नाही, म्हणून गावाजवळचं, शक्यतो शेताच्या बांधावरचं झाड निवडावं. वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी हवी. झाड आणि कोवळं ऊन एकत्र दिसणाऱ्या पहिल्या आणि सातव्या चौकटी सकाळी सगळ्यात आधी घ्याव्यात. बोटं, टोपली, चेहरा हे जवळचे शॉट मागाहून सावलीत घेता येतात. वानराचा आवाज वेगळा रेकॉर्ड होतो. पण फुलांचा सडा फार वेळ टिकत नाही, गावातल्या बाया आणि गुरं दोघंही त्याच्यावर टपलेली असतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. तेवढ्यात पहिली चौकट हुकली, तर पुढच्या मार्चपर्यंत थांबावं लागतं.