बीपी आणि हृदयातला आवाज

कोंढ्याकडची माणसं मला रिपोर्ट दाखवतात तेव्हा एक गैरसमज हमखास भेटतो. कागदावर बीपी १५०/९६ असतं आणि खाली डॉक्टरांनी ‘मर्मर’ लिहिलेलं असतं. घरच्यांना वाटतं, बीपी वाढलं म्हणून हृदय आवाज करायला लागलं. आता गोळी सुरू केली की आवाज बंद. (मी ‘डॉक्टर’ होणार तो पीएचडीचा, तेव्हा माझ्याकडून तपासणी होणार नाही. आवाज तयार कसा होतो, एवढं सांगू शकतो.)

वैनगंगा खोल पात्रातून वाहते तेव्हा तिचा आवाज येत नाही. खडकांतून, अरुंद वाटेनं गेली की खळखळते. रक्ताचंही तेच. प्रवाह संथ असेल तर तो मुका असतो. वेग वाढला, वाट अरुंद झाली किंवा रक्त पातळ झालं की भोवरे तयार होतात, आणि स्टेथोस्कोपला ‘लब-डब’च्या मध्ये फुसफुस ऐकू येते. तीच मर्मर.

गंमत म्हणजे बीपी मोजायची जुनी पद्धतही याच खळखळीवर चालते. १९०५ मध्ये निकोलाय कोरोटकॉव्ह या रशियन सर्जननं ती सांगितली. दंडावरचा पट्टा रोहिणी पूर्ण दाबतो, आवाज नाही. हवा थोडी सोडली की रक्त चिंचोळ्या वाटेतून धडका मारत जातं, पहिला ठोका ऐकू येतो: वरचा आकडा. वाट पूर्ण मोकळी झाली की आवाज बंद: खालचा आकडा.

म्हणून मर्मर ऐकली म्हणजे झडप खराबच, असं नाही. लहान मुलांत ती बऱ्याचदा निरुपद्रवी असते. आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवं, ॲनिमिया. हिमोग्लोबिन कमी झालं की रक्त पातळ होतं, हृदय ते जोरात ढकलतं, आणि झडपा धडधाकट असूनही आवाज येतो. पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, त्यामुळे रक्ताची साधी तपासणी आधी झालेली बरी. बाकी कारणं म्हणजे लहानपणच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप, जन्मतः असलेलं छिद्र, किंवा वयानुसार झडपेवर साचलेलं कॅल्शियम. नेमकं कोणतं, ते टूडी इको सांगतो.

मग बीपीचा संबंध कुठे? झडप गळकी असेल तर वाढलेलं बीपी जास्त रक्त उलटं ढकलतं. गोळीनं ती गळती कमी होऊ शकते, झडप दुरुस्त होत नाही. महाधमनीची झडप गळत असेल तर बीपीचे दोन आकडे एकमेकांपासून फार लांब जातात, उदाहरणार्थ १६०/५०. आणि तीच झडप अरुंद झाली असेल तर औषध जपून वाढवावं लागतं. म्हणून बीपीची चिठ्ठी नव्या डॉक्टरांना दाखवताना मर्मरचा कागदही सोबत न्यायचा. मर्मर सापडली म्हणून घाबरून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. हे फार होतं.

बीपीच्या बाबतीत भंडारा जिल्हा तसा नशीबवान. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्ध्यासोबत भंडाराही पहिल्या टप्प्यात होता. कल्पना साधी आहे: ठरलेली मोजकी औषधं, महिनाभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येक भेटीची नोंद, आणि लक्ष्य १४०/९० च्या खाली. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या टास्क फोर्सचा पुरस्कार मिळाला.

पण एक गोष्ट मला खटकते. डिजिटल मशीन आवाज ऐकतच नाही. ते पट्ट्यातल्या दाबाचे हेलकावे मोजतं. मोजणी सोपी झाली हे चांगलंच, पण वर्षानुवर्षं दंडाला पट्टा लागतो आणि छातीला स्टेथोस्कोप लागत नाही, असंही होऊ शकतं. बीपीच्या पेशंटनं एकदा तरी डॉक्टरांना छाती ऐकायला सांगावं. मर्मर असेल आणि चालताना दम लागत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, छातीत दुखत असेल किंवा पाय सुजत असतील, तर पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची वाट पाहू नये.

आणि हो, मशीनसमोर बसण्याआधी अर्धा तास खर्रा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, बाही वर करायची, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवायचा. बोलता बोलता मोजलेलं बीपी उगाच जास्त येतं, आणि आपल्याकडे तर रांगेतच अर्ध्या गावाची खबर घेतली जाते.