मऊसूत बटाटा : घास थुंकणाऱ्या मुलांसाठी



या पानावर एरवी बेणे, लागण, खते आणि तोडणीचा कार्यक्रम असतो. या वेळी विषय बटाट्याचा आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरची मुले-सुना नोकरीनिमित्त उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहतात. कोणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी औद्योगिक वसाहतीत, तर कोणी पहाटेची लोकल धरून मुंबईला. मागच्या महिन्यात गट कार्यालयात एक सभासद माउली ऊसनोंदीला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "साहेब, नातू बदलापूरला असतोय, साडेतीन वर्षांचा. बटाट्याबिगर काही घेत नाही, अन् त्यातबी एवढीशी गाठ लागली तरी थुंकतो. काल खाल्लेला आज नको म्हणतो. सून रडकुंडीला आलीय." उसाच्या माणसाला बटाटा विचारणे ही गंमतच. परंतु साखर आणि पिष्ट ही भावंडेच आहेत, तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

प्रथम एक सांगतो. "काल खाल्लेला आज नको" हा दर वेळी मुलाचा नखरा नसतो. पुष्कळदा बटाटाच बदललेला असतो.

बटाट्यात पाऊण हिस्सा किंवा त्याहून अधिक पाणी असते आणि उरलेल्यात बहुतांश पिष्ट. हे पिष्ट पेशींमध्ये भरलेले असते. आपल्या गोदामात साखरेची पोती थप्पीला लावलेली असतात, तसेच समजा. बटाटा शिजला की पोत्यापोत्यांमधला सांधा सुटतो, थप्पी मोकळी होते, पण पोती फाटत नाहीत. असा बटाटा जिभेवर लोण्यासारखा पसरतो. पोती फाटली तर शिजलेले पिष्ट बाहेर सांडते आणि त्याची कपड्याला लावतात तशी खळ होते. मिक्सरचे पाते नेमके हेच करते. म्हणून बटाटा मिक्सरमध्ये फिरवू नये. शहरातल्या घरी घाईच्या वेळी हात आधी मिक्सरकडेच जातो, आणि चिकट झालेल्या घासाचा दोष मात्र पोराच्या माथी येतो.

आता बटाटा बदलतो तो कसा? मुंबईकडच्या बाजारात बटाटा उत्तर प्रदेशातून, गुजरातच्या डीसा भागातून, मध्य प्रदेशातून आणि आपल्या पुणे जिल्ह्यातूनही येतो. उत्तरेकडचा मुख्य माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि पुढे कित्येक महिने शीतगृहातून पुरवला जातो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होऊ लागते. उसात साखर वाढावी म्हणून आपण जिवाचे रान करतो, इथे मात्र ती नको असते. असा बटाटा गुळचट लागतो आणि चोखंदळ मूल ते पहिल्याच घासाला ओळखते. म्हणून घरीही बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. शीतगृहातले गोडसर बटाटे आठ-पंधरा दिवस टोपलीत, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवले तर त्यातील बरीचशी साखर पुन्हा पिष्टाकडे वळते. पातळ सालीचा नवा बटाटा पाणीदार असतो, तो रश्श्याला चांगला, कुस्करायला नव्हे. हिरवट पडलेला बटाटा मुलाला देऊच नये, त्यातील विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही.

वाण पाहावा म्हटले तर कुफरी पुखराज पाणीदार आणि कुफरी चिप्सोना भरीव, पण भाजीवाला वाण थोडाच सांगणार! त्यापेक्षा घरीच परीक्षा करावी. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवावे आणि कच्चा बटाटा त्यात सोडावा. बुडाला तर पिठूळ, म्हणजे आपल्या कामाचा. तरंगला तर भाजीला लावावा. प्रयोगशाळेत रसाची घनता पाहून आपण ब्रिक्स काढतो, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक खेपेच्या मालातले दोन बटाटे तपासले तरी पुरे.

कृती अशी. अर्धा किलो बटाटे, साधारण एका आकाराचे, सालीसकट कुकरच्या भांड्यात ठेवावेत. भांड्यात पाणी घालू नये, पाणी खाली कुकरमध्येच असावे. सुरी सहज आत गेली पाहिजे. चिंच, टोमॅटो, ताक असले आंबट काहीही शिजताना जवळ नको, आंबटाने सांधा घट्ट होतो आणि गाठी राहतात. साल गरम असतानाच काढावी, हाताला फडके घ्यावे, आणि लगेच बटाटा पुरणयंत्रातून काढावा. बारीक भोकांची जाळी लावावी. यंत्र नसेल तर पुरणाची चाळणी चालते. होळीनंतर वर्षभर माळ्यावर पडून राहणारे हे यंत्र या कामाला उत्तम. ते बटाटा दाबते, कापत नाही. बटाटा निवला की सांधे पुन्हा धरतात, मग दाबताना पोती फाटतात. म्हणून "जरा गार होऊ द्या" ही सवय इथे उपयोगाची नाही.

यंत्रातून काढलेला बटाटा जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर मिनिटभर परतून वाफ घालवावी. मग दोन मोठे चमचे लोणी किंवा तूप हलक्या हाताने मिसळावे. त्यानंतर गरम दूध, अर्धी ते पाऊण वाटी, थोडे थोडे. आधी स्निग्ध, मग दूध, हा क्रम मोडू नये. मीठ बेताचे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ नकोच. मोहरी, कढीपत्ता, कोथिंबीर मोठ्यांच्या वाटणीला घालावी. गाठ थुंकणाऱ्या पोराला मोहरीचा दाणाही गाठच असतो.

नुसत्या बटाट्यावर मूल वाढत नाही हेही खरे. पहिले आठ दिवस साधाच द्यावा. घास जाऊ लागला की घट्ट वरणाची मूगडाळ त्याच यंत्रातून काढून पाचाला एक या प्रमाणात मिसळावी आणि हळूहळू वाढवावी. एखादी नवी चव दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मग मूल ती घेते, तेव्हा दोन दिवसांत निकाल मागू नये. नाक दाबून, मारून भरवू नये. वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

काही मुलांना मऊ पदार्थच सोसत नाही. त्यांच्यासाठी उल्हासनगरच्या सिंधी घरांतला आलू टुक पाहावा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि ही मंडळी आपली खाद्यरीत सोबत घेऊन आली होती. टुक म्हणजे जाड काप आधी मंद तळायचे, मग वाटीने दाबून चपटे करायचे आणि पुन्हा कडक तळायचे. मुलासाठी तिखट-मसाला गाळावा. बाहेर कुरकुरीत, आत मऊ, आणि पोर ते हातात धरून खाते.

पहाटेची लोकल असेल तर बटाटा रात्री करून ठेवता येतो, पण फ्रिजमध्ये तो रवाळ होतो. सकाळी पातेले उकळत्या पाण्यावर धरून, गरम दुधाचे दोन-तीन चमचे घालून ढवळावे. एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. यंत्र मात्र काम झाल्याबरोबर पाण्यात बुडवावे, पिष्ट वाळले की जाळीची भोके टाचणीने उकरत बसावे लागते.